थोराचा हातोडा

मुलगा बघायला म्हणून आलेल्या पाहुण्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा मी हिरवीगार साडी नेसून, मिशीसकट, एका राक्षसाच्या शेजारी पाटावर बसून पुरणपोळी खात होतो.

याचा सगळा दोष मी एका परदेशी देवाला देतो. (तो देव दूर उत्तरेकडचा, नॉर्वेचा. मराठी वाचत नाही. त्यामुळं बिनधास्त देतो!)

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. औरंगाबादला बी. ए., बी. एड. करून मी सोनपेठच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरात मी आणि माझी माय. थोरली बहीण, अक्का, परभणीला दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, एका कचेरीत कारकून होते. पण त्यांचा खरा पेशा म्हणजे लग्नं जमवणं आणि मोडलेल्या वस्तू दुरुस्त करणं. दुसऱ्या पेशात त्यांना अजिबात यश नव्हतं, हे लक्षात ठेवा.

एकदा परभणीला गेलो असताना स्टेशनाजवळच्या रद्दीच्या ढिगात मला एक रंगीत इंग्रजी चित्रांचं पुस्तक सापडलं. येलदरीचं धरण बघायला आलेल्या कुण्या साहेबानं गाडीत टाकून दिलेलं असावं. त्यात सोनेरी केसांचा एक दांडगा देव होता, आणि त्याच्या हातात आखूड दांड्याचा हातोडा. थॉर त्या देवाचं नाव आणि म्योलनीर त्या हातोड्याचं. हा हातोडा फेकला की डोंगर फोडायचा आणि आपण होऊन फेकणाऱ्याच्या हातात परत यायचा! आमच्या गल्लीत नुसता उसना दिलेला हातोडासुद्धा परत येत नसे. मी त्या पुस्तकाच्या प्रेमातच पडलो.

मग कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलेली एक जुनी कथा आठवली. थॉरचा हातोडा एकदा चोरीला जातो. चोरणारा राक्षस निरोप पाठवतो, 'तुमच्यातली सगळ्यांत देखणी देवी मला बायको म्हणून द्या, तरच हातोडा परत देतो.' देवी काही तयार होत नाही. शेवटी थॉर स्वतःच नवरी बनून, डोक्यावरून पदर घेऊन लग्नाला जातो. सोबत लोकी नावाचा एक चतुर देव करवली होऊन जातो. नवरी जेवायला बसते आणि लग्नघरातलं सगळं अन्न फस्त करते. मग रिवाजाप्रमाणं नवरीच्या मांडीवर हातोडा ठेवतात, आणि पुढं राक्षसाचं जे व्हायचं ते होतं.

असली गोष्ट हाती असताना गॅदरिंगला आणखी कुठलं नाटक बसवणार? मी मराठीत लिहून काढलं आणि हेडमास्तरांकडं गेलो.

"नाटकाचं नाव काय?"

"थॉरचा हातोडा, सर."

"थोरांचा? वा! थोर पुरुषांवर बसवताय! आजकाल थोरांची आठवण ठेवतो कोण?"

"सर, थोर नाही, थॉ..."

"विनय चांगला आहे उत्तमराव, पण थोराला थोर म्हणायला लाजू नका!" असं म्हणून त्यांनी परवानगी देऊन टाकली.

चित्रकलेच्या देशपांडे सरांनी कापडावर 'थोराचा हातोडा' असं टपोऱ्या अक्षरांत रंगवलं. मी उच्चार सांगायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या हो, रंग वाळलाय!" हेच देशपांडे सर अंगानं काडी होते, म्हणून करवलीचं काम त्यांच्याकडं आलं. राक्षस व्हायला आमचे पी. टी.चे शेख सर आनंदानं तयार झाले. त्यांना फक्त करवलीचं नाव पटेना.

"लोकी? ये लौकी क्या है भाई? दुधीभोपळा हाय का करवली?"

थॉरसाठी दहावीतला एक पैलवान गडी निवडला होता. हातोडा मी स्वतः सावरीच्या लाकडाचा करून घेतला आणि त्यावर चंदेरी बेगड चिकटवलं. सावरीचं लाकूड हलकं, कुणाला लागायची भीती नाही. (माझ्या आयुष्यातला हा एकमेव दूरदर्शी निर्णय.) बेगडाची खळ वाळावी म्हणून हातोडा आमच्या घरीच ठेवला होता.

आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी पैलवानाला गालफुगी झाली! त्याचे गाल इतके सुजले की नवरीपेक्षा तो राक्षसालाच जास्त शोभला असता. पण त्याचं तोंडच उघडेना. आयत्या वेळी सगळे संवाद पाठ असलेला आणि अंगानं आडवा असा शाळेत एकच माणूस होता. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

"सर, तुमीच व्हा नवरी," शेख सर म्हणाले. "फकत मिशी काढा."

"मिशी काढणार नाही!"

कारण होतं. दाजींनी माझं एक स्थळ चालवलं होतं. मुलगी पेडगावची, सुमन नावाची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तिच्या घरी माझा फोटो गेलेला होता आणि फोटोत मिशी होती. पाहुणे रविवारी यायचे होते. माणूस बिनमिशीचा निघाला तर 'फोटो एकाचा अन् पोरगा दुसराच' असं म्हणून उठून जातील, असं दाजींनी बजावलं होतं. शेवटी नवरीनं पदर नाकाखाली धरून ठेवायचा, यावर तडजोड झाली.

पण पाहुणे रविवारी आलेच नाहीत. ते गॅदरिंगच्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं आले! पेडगावच्या किसनरावांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, रविवारी शेतात पाण्याची पाळी होती. दाजींनी परस्पर दिवस बदलला, अक्काला सांगितलं, मायला निरोप पाठवला आणि फक्त मला सांगायचं विसरले. वर किसनरावांनी मुलीलाही सोबत आणलं होतं. त्या काळात मुलगी अशी येत नसे. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं, "पोरगी शिकेल हाय, नोकरी करायलीय. जल्म तिला काढायचाय, तर तिनं बी पाहू द्या की!"

मी सकाळपासून शाळेत. माय घरी पुरणपोळ्या, येसराची आमटी, भजी, कुरडया असा बेत करून बसलेली. पाहुणे यायच्या आधी दाजींनी घरात पाहणी केली. बाजेचा एक पाय डुगडुगत होता. कोपऱ्यात चंदेरी हातोडा दिसला. दाजींनी तो उचलला आणि बाजेच्या पायावर असा काही हाणला की बाज तशीच राहिली आणि हातोड्याचा दांडा चिरला! मग त्यांनी स्वतःच त्याची दुरुस्ती केली. फटीत सुतळी कोंबली, वरून बेगड दाबलं आणि कुणाला काही न सांगता हातोडा एका पोराच्या हाती शाळेत धाडला.

तिकडं मी साडी नेसत होतो. तेवढ्यात लक्षात आलं की जेवणाच्या प्रवेशासाठी मोठी भांडी नाहीत. दहावीच्या दोन मुलींना म्हटलं, "पळा, माझ्या घरून परात अन् पातेलं घेऊन या. सांगा, सरांनी जेवणासाठी मागितलंय म्हणून."

मुली घरी पोचल्या तेव्हा दाजी आणि अक्का पाहुण्यांना चहा पाजून शाळेकडं घेऊन निघून गेले होते. माय एकटीच होती.

"आज्जी, सरांनी जेवणासाठी परात मागितलीय."

मायला वाटलं, पाहुण्यांच्या पंगतीची सोय शाळेतच केलेली दिसते. शिकलेल्या लोकांची पद्धतच न्यारी! तिनं परात दिली, पातेलं दिलं, आणि त्यात केलेला सगळा स्वयंपाकही भरून दिला. वर तुपाचा गडवाही दिला.

इकडं मैदानात दाजी पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवून सांगत होते, "आमचे उत्तमराव लय हुशार! नाटक त्यांनीच लिव्हलंय. आता बघा, देवाचं काम करायलेत ते!"

पडदा उघडण्याआधी हेडमास्तरांनी थोर पुरुषांचं जीवन कसं आदर्श असतं, यावर भाषण केलं. प्रमुख पाहुण्यांनी मुलांना थोरांच्या पावलावर पाऊल ठेवण्याचा उपदेश केला. टाळ्या झाल्या. आणि पडदा बाजूला होऊन थोर पुरुष साडी नेसून ठुमकत आत आला!

मैदानात असा हशा उसळला की झाडावरची पाखरं उडाली. मला वाटलं, नाटक रंगलं! पहिल्या रांगेत दाजी दिसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. मला वाटलं, माझा अभिनय बघून भारावले.

"कुठं हाय तुमचा देव?" किसनरावांनी त्यांना विचारलं. हे मला नंतर कळलं.

"येतो, येतो, मागून येतो," दाजी म्हणाले आणि रुमालानं तोंड पुसू लागले.

जेवणाचा प्रवेश आला. माझ्यासमोर परात ठेवली. आत बघतो तर पुठ्ठ्याच्या पोळ्या नाहीत, खऱ्या! मऊसूत, तूप सोडलेल्या, मायच्या हातच्या! मी सकाळपासून उपाशी होतो. लेकराचं नाटक म्हणून मायनं एवढा घाट घातला, या विचारानं माझा गळा दाटून आला आणि त्याच गळ्यातून मी पहिली पोळी खाली उतरवली. लोक हसत होते, मी खात होतो. शेख सर राक्षसाच्या आवाजात ओरडले, "अरेरे! ही नवरी हाय की दुष्काळ?" आणि हळूच माझ्या कानात म्हणाले, "सर, एक पोळी इकडं बी सरकवा ना."

"महाराज!" देशपांडे करवली पुढं झाल्या, "तुमच्या ओढीनं नवरीनं आठवडाभर अन्नाला शिवलं नाही!"

किसनरावांच्या नाकापर्यंत येसराचा वास पोचला असणार. कारण त्यांनी दाजींना विचारलं, "ही आमटी मघाशी तुमच्या घरी चुलीवर होती का?"

दाजींनी रुमाल पुन्हा तोंडावर धरला.

खाताना पदर कधी घसरला ते मला समजलं नाही. राक्षसानं नवरीचं तोंड बघायला वाकायचं होतं. शेख सर वाकले आणि माझी तुपानं चकाकणारी मिशी बघून संवादच विसरले. "या अल्ला!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

देशपांडे सर हजरजबाबी. ताबडतोब म्हणाले, "प्रवासात काजळ पसरलंय, महाराज!"

मैदान लोळायचं बाकी राहिलं. बायकांच्या बाजूला एक मुलगी तोंडावर रुमाल धरून पुढं-मागं डुलताना मला दिसली. ती सुमन होती. पण तेव्हा मला ती कुणीतरी पोट दुखणारी बाई वाटली.

मग शेवटचा क्षण आला. माझ्या मांडीवर हातोडा ठेवला गेला. मी पदर फेकून उभा राहिलो, "ओळखलंस का मला?" अशी डरकाळी फोडली, हातोडा डोक्याभोवती गरगर फिरवला आणि दाजींची सुतळी सुटली.

दांडा माझ्या हातात राहिला. हातोडा गेला!

तो चंदेरी ठोकळा हेडमास्तरांच्या टोपीवरून, प्रमुख पाहुण्यांच्या हारावरून सूं करत निघाला. पहिली रांग खाली वाकली. फक्त किसनराव वाकले नाहीत. ज्यांची सारी उमर गोफणीनं पाखरं हाकण्यात गेली होती, त्यांनी उडत्या धोंड्याकडं बघावं तसं त्याच्याकडं पाहिलं आणि बसल्या जागी एका हातानं झेलला!

इकडं हातातलं वजन एकाएकी गेल्यामुळं मी स्वतःभोवतीच फिरलो. निऱ्या पायात आल्या. मी आधाराला पडदा धरला, पडद्यानं बांबू धरला, बांबूनं दुसऱ्या बांबूला सोबत घेतलं, आणि सगळा डोलारा राक्षस, करवली आणि वऱ्हाडी झालेल्या आठवीच्या पोरांवर कोसळला. आतून शेख सरांचा आवाज आला, "कोई मरा नहीं, पर मेरे पाँव पे कौन बैठा है?"

मी घाबरून कापड ओढायला लागलो. एकेक पोरगं बाहेर काढलं, शेख सरांना काढलं, देशपांडे सरांना पातेल्यातून सोडवलं. कुणाला खरचटलंही नव्हतं. मग कुठं माझ्या लक्षात आलं की साडी अर्धी सुटलीय. ती गोळा करत वळलो, तर समोर धोतर-पटक्यातले एक उंच गृहस्थ चंदेरी ठोकळा घेऊन उभे होते.

"हे घ्या. तुमचं आमच्याकडं आलं होतं."

"आभारी आहे," मी धापा टाकत म्हणालो. "आपण?"

"जयभीम. मी पेडगावचा किसन. पोरगा बघायला आलतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अशा वेळी नमस्कार करावा, माफी मागावी, निदान खाली बसावं. मी काय केलं असेल? मी पदर डोक्यावर घेतला!

संध्याकाळी आम्ही घरी आलो. मी घाईघाईनं पॅन्ट-शर्ट चढवला होता. कपाळावरची टिकली पुसायची राहून गेली होती. माय दारातच उभी होती. तिनं हसतमुखानं विचारलं, "पाव्हणे, पोटभर जेवलात ना?"

"कुठं, बाई?"

"शाळेत! समदा सैपाक तिकडं धाडला ना म्या!"

किसनराव सावकाश माझ्याकडं वळले. दाजी वळले. अक्का वळली. मी भिंतीकडं बघितलं.

माय कपाळावर हात मारून चुलीपुढं बसली आणि पिठलं-भाकरीला लागली. परतीची एस.टी. निघून गेलेली, त्यामुळं पाहुण्यांना जाताही येईना. बाजेवर किसनराव बसले तर पाय डुगडुगला. दाजी धावत म्हणाले, "थांबा, आत्ता दुरुस्त करतो!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, "नको!!"

मग किसनराव बाजेवरून उठून खाली जमिनीवर बसले. मला वाटलं, स्थळ गेलं. आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. कारण मुलगी आत मायच्या शेजारी भाकऱ्या थापायला बसली होती आणि जाळापुढं तिचा चेहरा मला दिसत होता. फोटोपेक्षा चांगला होता. शेवटी तीच भाकरी टाकता टाकता आतून म्हणाली, "मास्तर, त्या हातोड्याचं मंग काय झालं? पडदा पडला, आमाला शेवट कळालाच न्हाई."

मी सांगायला लागलो. थॉरनं राक्षसाला कसं लोळवलं, हातोडा खांद्यावर टाकून नवरीच्या वेषात तो कसा घरी परतला, बाकीचे देव त्याला कसे हसले. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या हसण्याची गोष्ट मीच घुसवली. पण सुमन इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मायही हसली. आणि मग किसनरावांनी घसा खाकरला.

"खोटं न्हाई बोलत. साडीत बघितलं तवा म्हनलं, उठावं अन् जावं. याच्या आधी लय पोरं बघितली. समदे पुतळ्यावानी बसायचे. चहा प्याले की संपलं. काय कळतं त्याच्यातून? तुमी मातर... मांडव पडला तवा आधी लेकरं काढली भायेर. साडी मंग सावरली. ते ध्यानात ऱ्हायलं." ते आतल्या खोलीकडं वळले, "सुमन, तुझं काय म्हननं हाय?"

"आबा, मला मास्तरांना एकच इच्यारायचंय."

"इच्यार की."

"रोज इतकंच खाता का?"

सगळी खोली माझ्याकडं बघू लागली. लाज राखायची हीच वेळ होती. मी गंभीर होऊन म्हणालो, "नाही, नाही. आज रंगमंचावर जरा संकोच वाटत होता."

त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

थॉरची मात्र सोनपेठमध्ये भलतीच चलती झाली. आठवडी बाजारात एका सुतारानं चंदेरी हातोड्या विकायला ठेवल्या आणि पोरांनी त्या हातोहात उचलल्या. शाळेच्या मागं रोज देव-राक्षसांची युद्धं पेटायची. (राक्षस होण्यासाठी पोरांची रांग लागे; शेख सरांचा प्रभाव!) एका केशकर्तनालयानं भिंतीवर थॉर काढून घेतला. पण रंगाऱ्यानं सोनेरी केस कधी पाहिलेले नव्हते, त्यानं देवाला हळदीच्या रंगाचा फेटा बांधून टाकला. भांडणात लोक एकमेकांना 'थोराचा हातोडा आणू का?' अशी धमकी देऊ लागले. कुणाला थॉर माहीत नव्हता, नॉर्वे कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण म्योलनीरचा 'मेलानीर' होऊन तो गोदाकाठी चांगला रुळला. एका शेतकऱ्यानं बैलाचं नाव मेलानीर ठेवलं. तो बैल कुठंही सोडला तरी आपण होऊन गोठ्यात परत यायचा म्हणे!

आता हे सगळं जुनं झालं. हल्ली तर हा हातोडा जगभर पोचलाय. पडद्यावर येतो, पोरांच्या दप्तरावर येतो, पाण्याच्या बाटलीवर येतो. मागच्या दिवाळीत माझ्या नातवानं त्याचा प्लॅस्टिकचा हातोडा दिवाणखान्यात मधोमध ठेवला आणि जाहीर केलं, "आजोबा, हा फक्त लायक माणसालाच उचलता येतो. बाकीच्यांकडून हलत पण नाही. बघा प्रयत्न करून."

मी मनात म्हटलं, ज्या देवाला मराठवाड्यात मी आणला, त्याचा हातोडा मला उचलता येणार नाही होय? मोठ्या रुबाबात वाकलो. दोन्ही हातांनी दांडा धरला. आणि कमरेत अशी काही उसण भरली की मी तिथंच काटकोनात अडकलो! हातोडा जागचा हलला नाही, मीही हललो नाही.

नातू टाळ्या पिटत ओरडला, "बघा! म्हणालो होतो ना!"

एवढ्यात सुमन केर काढत आली. तिनं दोन बोटांनी हातोडा उचलून कपाटावर ठेवला, माझ्या पायाखालून झाडू फिरवला आणि म्हणाली, "वाकलाच आहात, तर पलंगाखाली माझी एक चप्पल गेलीय का तेवढं बघा."